थांबलेला बुडबुडा

शालन अक्कांनी माझ्या हातचा पेढा खाल्ला नाही. उद्यमनगरातल्या कारखान्यात मी तपासणी विभागात रुजू झालो, तो दिवस. आईने हौसेने राजारामपुरीतून पेढ्यांचा पुडा आणून दिला होता आणि मी तो घेऊन सगळ्यांच्या पाया पडत फिरत होतो. बाकीच्यांनी पेढा तोंडात टाकला, पाठीवर थाप मारली. अक्कांनी तो नाकाशी नेला, मोडून आत बघितलं, अर्धा माझ्या हातावर परत ठेवला आणि म्हणाल्या, "पयलं तू खा."

मी खाल्ला. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला काही झालं नाही म्हटल्यावर उरलेला अर्धा त्यांनी कागदात गुंडाळून ठेवला. "संध्याकाळी बगतो," म्हणाल्या.

त्यांचं काम गळती शोधायचं. आमच्याकडे ॲल्युमिनियमचे भाग ओतले जायचे, बहुतेक पंपांचे आणि झडपांचे. तयार झालेल्या भागाची तोंडं बंद करायची, आत हवा भरायची, पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि बघत बसायचं. बुडबुडा आला की माल बाद. ऐकायला सोपं आहे, पण दिवसभर स्थिर पाण्याकडे बघणं येरागबाळ्याचं काम नव्हे. मला अर्ध्या तासात नसलेले बुडबुडे दिसायला लागायचे. अक्का साडीवर कारखान्याचा निळा शर्ट चढवून, डावा डोळा बारीक करून बसायच्या आणि पाणी त्यांच्याशी कधी खोटं बोलायचं नाही.

टाकीआधी त्यांची स्वतःची एक रीत होती. भागाला बाहेरून रॉकेल लावायचं, पुसून काढायचं आणि वर खडूची पूड मारायची. कुठे चीर असली, कुणी काही सांधलेलं असलं तर फटीत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येऊन पुडीवर डाग उमटतो. कारखान्याच्या नियमांत हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी तसं एकदा बोललो. "पानी फक्त आरपार भोक दावतंय," अक्का म्हणाल्या. "मानसानं काय झाकलंय ते खडू दावतोय."

संशय हा त्यांचा धंदा होता, पण धंद्यापुरता ठेवणं त्यांना जमलं नाही. तारीख विचारली तर दोन भिंतींवरची दोन कॅलेंडरं बघून सांगायच्या. रिक्षात बसल्या की रस्ता बरोबर चाललाय का हे रिक्षावाल्याला न विचारता पुढून येणाऱ्या दुसऱ्या रिक्षावाल्याला विचारायच्या. राहायला कळंब्याला, जेलच्या रस्त्यावर. "अक्का, समोर एवढे चोर, भीती वाटत नाही?" असं मी गमतीने विचारलं. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "भिंतीच्या आतले मोजलेले हाईत. बाहेरचे मोजायचे राह्यलेत."

लोक चिडायचे. मीही चिडायचो. माझं प्रत्येक माप त्या पुन्हा घ्यायच्या, तेही माझ्यासमोर. एकदा मी तोंड फुगवून बसलो तेव्हा त्यांनी मला समजावलं. "तपासलं म्हंजे अपमान केला असं न्हाय बग. तपासलं म्हंजे लक्ष हाय. ज्याच्याकडं कोन बगत न्हाय, त्येचं कोन तपासतंय?"

या सगळ्यातून एकच माणूस सुटला होता. बापू. कारखान्यातले सगळ्यांत जुने फिटर, हात असा की कानशीने घासलेल्या पृष्ठभागावर नख फिरवलं तरी अडू नये. रोज अकरा वाजता बापू थर्मास घेऊन टाकीपाशी यायचे, झाकणात चहा ओतायचे आणि अक्का तो वास न घेता प्यायच्या. देवळातला प्रसाद हुंगणारी बाई! बापूंच्या टेबलावरून आलेल्या भागालाही खडू लागत नसे. तो थेट टाकीत जायचा.

कारण सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. अक्कांच्या यजमानांचं पंक्चरचं दुकान होतं. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडे बघायला अक्का तिथे शिकल्या. यजमान अचानक गेले. दुकानाची जागा दुसऱ्याची, ती गेली. बापूंची सायकल त्याच दुकानात यायची. ते अक्कांना घेऊन थोरल्या मालकांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "शिक्षान बगू नका, हिची नजर बगा." तेव्हापासून बापू त्यांचे दादा. दर राखीपौर्णिमेला टाकीपाशीच राखी बांधली जायची आणि बापू ती पाण्याने विरून तुटेपर्यंत मनगटावर ठेवायचे.

यजमानांची एक शिकवण अक्का नेहमी सांगायच्या. ट्यूब पाण्यात दाबली आणि बुडबुडे येतच राहिले तर ते साधं पंक्चर. पण बुडबुडे आले आणि थांबले, तर सावध व्हायचं. "मंग ती ट्यूबातली हवा न्हवं. कुनीतरी आदी ठिगळ मारलंय आन् ठिगळाखाली हवा अडकलीया. ती संपली की बुडबुडा थांबतोय. थांबलेला बुडबुडा लई वाईट. त्यो म्हंजे मानसाचा हात." मला तेव्हा हे म्हातारपणाचं तत्त्वज्ञान वाटलं होतं.

मग धाकट्या मालकांनी अंतराळाचं काम आणलं. बाहेरगावची एक कंपनी छोटा उपग्रह बनवत होती. त्यातल्या एका उपकरणासाठी पाच बंद डबे हवे होते, ॲल्युमिनियमचे, दोन हातांत मावतील एवढे. आत कोरडा वायू भरून सील करायचे, दाब आपल्या इथल्या हवेइतकाच. मालकांनी दारात नारळ फोडला. अक्कांनी नारळाचं पाणी हुंगलं.

या कामासाठी एक निर्वात पेटी आली, वर जाड काच, शेजारी पंप आणि दाबाचा काटा. पंप सुरू केला की आतली हवा ओढली जायची आणि काटा खाली यायचा. अक्कांचा पहिला आक्षेप निर्वातावरच होता. "रिकामं म्हंजे काय? काय तरी असंलच की आत."

मी समजावायला बसलो. आपल्या अंगावर हवा सतत दाबत असते, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा भार. आतूनही तेवढाच रेटा, म्हणून कळत नाही. वर अंतराळात बाहेरची हवाच नाही.

"आन् आतली?"

"ती आतून ढकलतच राहते, अक्का."

"म्हंजे बाहेरनं धरनारा गेला," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे असं बघितलं जणू तो मीच पळवला होता.

खात्री पटवायला मी जयसिंगपूरच्या भडंगाचं बंद पाकीट पेटीत ठेवलं. पंप सुरू केला. पाकीट फुगलं, टम्म झालं आणि शिवणीवर फाटून शेंगदाणे काचेवर आपटले. अख्खा कारखाना हसला. अक्का हसल्या नाहीत. "पाकिटात काय घातलंवतंस?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः विकत घेतलेलं पाकीट आणलं. त्याचंही तेच झालं. मग मी टायरसकट सायकलचं एक छोटं चाक ठेवलं आणि सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं. आता मोठा स्फोट होणार अशी माझी कल्पना. चाक दहा मिनिटं पेटीत होतं. जरा घट्ट झालं असेल, बाकी काही नाही.

माझं तोंड उतरलं. अक्का मात्र पहिल्यांदा खूश दिसल्या. "कुकरची शिट्टी व्हायच्या वक्ताला आत किती असतंय रं?"

मी हिशेब केला. बाहेरच्यापेक्षा साधारण एक किलो जास्त. म्हणजे साधी हवा भरून बंद केलेल्या डब्याला अंतराळात जेवढं सोसावं लागेल, तेवढंच.

"मंग त्यात एवढं काय हाय? माझा कुकर ईस वर्सं सोसतोय. आत हवा किती हाय ते इचारू नगंस. डब्याची भिंत किती सोसती ते इचार."

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला हे इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. मला थोडी लाजही वाटली.

डबे तयार झाले. ओतकाम, मशीनवरचं काम, आणि शेवटचा हात अर्थातच बापूंचा. एक, दोन, चार आणि पाच नंबरचे डबे पेटीत गेले. हवा काढून पंप बंद केला की काटा जागचा हलत नव्हता. तीन नंबरचा गेला. काटा खाली गेला, पंप बंद केला, आणि काटा हळूच वर सरकायला लागला. पेटीत कुठून तरी हवा येत होती. पाऊण तासाने काटा थांबला. मग थांबलाच.

"थांबला की! झालं!" धाकटे मालक म्हणाले. माल दुसऱ्या दिवशी निघायचा होता. "ओल असंल. अक्का, सही करा."

अक्का काट्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "थांबला म्हनूनच सही करत न्हाय," त्या म्हणाल्या.

मालकांचा आवाज चढला. पहिलंच काम, उशीर झाला तर कंपनी पुन्हा दारात उभी करणार नाही, बाई कुकर आणि पंक्चरवर उपग्रह तपासतेय. अक्का ऐकून घेत होत्या. एवढंच म्हणाल्या, "तीन दिस द्या."

त्या तीन दिवसांत त्यांनी काय काय केलं! पेटी रिकामी चालवून बघितली, काटा स्थिर. पेटीचं रबर बदललं. डबा उन्हात वाळवला, धुतला, पुन्हा वाळवला. काटा वर यायचा आणि थांबायचा. मग त्यांनी पेटी न उघडता पुन्हा हवा काढली. आता पंप बंद केल्यावर काटा हलला नाही. पेटी उघडून डबा रात्रभर मोकळ्या हवेत ठेवला आणि पुन्हा आत घातला. काटा परत वर! डब्याच्या अंगात कुठेतरी एक कप्पा होता. निर्वातात तो रिकामा होत होता आणि बाहेर काढला की हळूहळू पुन्हा भरत होता. मला शोधाचा आनंद झाला आणि मी तो मोठ्याने बोलून दाखवला.

अक्कांनी पेटीचं रबर आणखी एकदा बदलायला घेतलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सापडू नये म्हणून शोधत होती. खडूचा डबा हाताशी होता आणि तीन दिवसांत तिने त्याला हात लावला नव्हता. थांबलेला बुडबुडा म्हणजे माणसाचा हात हे तिनेच मला शिकवलं होतं. आणि शेवटचा हात कुणाचा हे तिला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी अकराला बापू थर्मास घेऊन आले. अक्कांनी चहा घेतला नाही. तीन नंबरचा डबा पुढे ठेवला, रॉकेल लावलं, पुसलं आणि पूड मारली. आम्ही तिघे बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीवर एक डाग उमटला. टिकलीएवढा, कंपासने काढावा तसा गोल. चीर अशी गोल नसते.

हे बूच होतं. ओतताना धातूत हवा अडकून पोकळी राहते. तोंड बाहेर उघडं असेल तर आमच्याकडचे कसबी लोक तिथे भोक पाडून आटे कापतात, त्याच धातूचा तुकडा पिळून बसवतात, ठोकतात आणि कानशीने असा मिळवतात की ब्रह्मदेवालाही दिसणार नाही. पंपांना अशी बुचं सर्रास मारली जात. पण कंपनीने दिलेल्या डब्याच्या नकाशावर 'दुरुस्ती चालणार नाही' असं लिहिलेलं होतं. बापू नकाशातली फक्त मापं वाचायचे. अक्कांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"दुरुस्ती? मोडलेलं दुरुस्त करत्यात," बापू म्हणाले. "ह्ये मोडलंय कुटं? एवढीशी पोकळी व्हती. डबा फेकून दिला असता तर मालकाचं काम बुडालं असतं. शालन, तीस वर्सं बूच मारतोय मी. एक निसटलेलं दाव."

"हितं न्हाय निसटायचं, दादा. हितं बाहेरनं हवा धरून हाय. तितं कोन धरनार?" अक्कांचा आवाज बारीक झाला होता. "बुचाच्या मागं पोकळ, त्येच्या मागं भिंत पातळ. आतनं सगळा रेटा त्याच जागी. आन् वर जाऊन बदलायला न्हाय यायचं."

"तुला हितं कुनी आनलं?"

"तुमीच. हिची नजर बगा म्हनलासा. मंग बगा की."

बापूंनी थर्मासचं झाकण फिरवून लावलं आणि ते निघून गेले. मला वाटलं, अक्का रडतील. त्यांनी डब्यावरची पूड फुंकरीने उडवली आणि माझ्याकडे अहवालाचा कागद मागितला.

कंपनीला कारण आणि जबाबदार माणसाचं नाव लेखी द्यायचं होतं. मालकांनी बापूंसमोरच सुचवलं की नाव टाकू नका, 'ओतकामातला दोष' लिहा. मीही मान डोलावली. अक्कांनी मोठ्या, टाकीतल्या पाण्याने ओलसर झालेल्या अक्षरांत लिहिलं: 'बूच बापूंनी मारलं. बापूंचं काम म्हणून मी खडू लावला नाही. चूक दोघांची.' आणि खाली सही केली.

त्यातलं दुसरं वाक्य मालकांनी दोनदा वाचलं आणि कागद तसाच पाकिटात घातला. बाकीच्यांना खडू लावायचा आणि एकाला सोडायचं, हा दोष अक्कांनी स्वतःच शोधून स्वतःच्या नावावर लावला होता. कुणी विचारलं नसतं आणि कुणाला कळलंही नसतं.

तीन नंबरचा डबा पुन्हा ओतला, पुन्हा तपासला. काम दोन आठवडे लांबलं. कंपनीने कुरकुर केली आणि पाचही डबे नेले. मालकांनी बापूंना त्या कामावरून काढून पुन्हा पंपांवर बसवलं. बापूंच्या टेबलावरून आलेल्या प्रत्येक भागाला त्या दिवसापासून सगळ्यांसारखाच खडू लागायला लागला, आणि पांढरी झालेली ती ओतीव कास्टिंगं बापूंना लांबून दिसायची.

अकराचा चहा बंद झाला. बापू थर्मास आपल्या टेबलावरच उघडायचे. राखीपौर्णिमेला अक्का राखी घेऊन आल्या होत्या हे मला माहीत आहे, कारण ती दिवसभर खडूच्या डब्यावर पडून होती. संध्याकाळी त्या ती परत घेऊन गेल्या. मला बापूंचा राग यायचा आणि त्यांच्याकडे बघितलं की वाईटही वाटायचं. तीस वर्षांचा हात, आणि त्याच्यावर खडू.

पुढे कंपनीचा निरोप आला, उपग्रह वर गेला, उपकरण व्यवस्थित चालू आहे. मालकांनी पेढे वाटले. मी धावत टाकीपाशी गेलो.

"अक्का, आपले डबे वर आहेत! आतला दाब जसाच्या तसा आहे म्हणे!"

"कोन बगून आलंय?" अक्का म्हणाल्या. पेढा त्यांनी मोडून आत बघितला.

त्यानंतर काही महिन्यांनी मला दुसरीकडे नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी मी निरोप घ्यायला टाकीपाशी गेलो तर बापू तिथे आधीच उभे होते. हातात एक नवं कास्टिंग होतं, कानससुद्धा न लागलेलं, आणि त्यावर खडूने एक गोल काढलेला. तो गोल अक्कांच्या हातचा नव्हता.

"हितं पोकळ हाय," बापू टाकीकडे बघत म्हणाले. "बूच मारलेलं न्हाय. तूच सांग काय करायचं."

अक्कांनी कास्टिंग हातात घेतलं, गोलावर बोट फिरवलं. "बाद करायचं," त्या म्हणाल्या.

"व्हय," बापू म्हणाले. कास्टिंग त्यांनी खाली बाद मालाच्या ढिगात ठेवलं, पण ते गेले नाहीत. काखेतला थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि अक्कांच्या पुढे धरला.

अक्कांनी झाकण घेतलं. ओठाशी नेता नेता थांबल्या. आणि मग, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी झाकण नाकाशी नेलं आणि चहाचा वास घेतला, जसा माझ्या पेढ्याचा घेतला होता, कारखान्यातल्या कुणाही माणसाच्या हातचा घ्यायच्या तसा. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस पुन्हा या टाकीकडे फिरकणार नाही.

बापू त्यांच्याकडे बघत होते. "घे," ते म्हणाले. "नीट घे वास. आलं जास्त पडलंय का बग."

अक्का हसल्या. मी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचं हसताना पाहिलं ते तेव्हा. एका दमात चहा संपवून त्यांनी रिकामं झाकण पुन्हा बापूंच्या पुढे धरलं आणि डावा डोळा बारीक करून पाण्याकडे बघायला लागल्या.